उजवीकडचं दार

बहरामशेठ,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुमच्यात हे दिवस कसे मोजतात ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्या भाचीला, शिरीनला, विचारायचा धीर झाला नाही. मी आपली माझ्या पद्धतीने मोजतेय. पण खरं सांगू? मी रविवारला किती उरले तेच मोजतेय. आज गुरुवार. रविवारी सकाळी दहाला तुमचं चित्राचं कापड रोह्याच्या वाचनालयात कायमचं लागणार आहे, आणि ते लावायचं काम माझ्याकडे आहे.

"तू म्हणजे काळजीचं दुकान हाय, गो निर्मला," असं तुम्ही म्हणायचात. "चोवीस तास उघडं." चला, आजही उघडंच आहे. वाचनालयाला कुलूप लावून शेजारच्या वरसे गावी घरी येते, आणि चपला काढता काढता वाटतं, कुलूप लावलं की नाही? ते मला आयुष्यभराचं आहे. पण या वेळची काळजी वेगळी आहे, कारण ती खरी आहे.

पेणच्या स्टँडसमोर तुमचं चहाचं दुकान होतं. लहानपणी वडील मला तिथे खारी खायला आणायचे, तेव्हा गल्ल्यावर बसून वहीत काहीतरी लिहिणारा हा गोरा माणूस हिशेब लिहितोय असंच मला वाटायचं. कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या कविता आहेत, फारसीत, आणि त्यांतल्या दोन तिकडे तेहरानच्या मासिकात छापून आल्यात. इराणातल्या यझदजवळच्या कोरड्या गावातून अठराव्या वर्षी मामाच्या दुकानात मदतीला आलेला माणूस. एवढा पाऊस पडतो आमच्या पेणला, भिंतींना बुरशी येते, आणि तुम्ही तीस वर्षं त्या पावसात बसून कोरड्या डोंगराच्या कविता लिहिल्यात. मी एकदा विचारलं होतं, शेठ, इथलं काहीच दिसत नाही का तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "इथलं दिसतं म्हणून तर तिथलं लिवता येतं." मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

दुपारी दुकान थंड असलं की तुम्ही एसटीने जोह्याला जायचात, गणपतीच्या कारखान्यात. पगारासाठी नव्हे, रंगांसाठी. पितांबराच्या चुण्या तुमच्याकडून रंगवून घ्यायला कारागीर रांगेत असायचे. डोळे मात्र तुम्ही कधी आखले नाहीत. "ते मूर्तीवाल्यांच्या घरचं काम हाय," म्हणायचात. गुलाबी रंगात किंचित पिवळा टाकायचा, म्हणजे कातडी जिवंत दिसते, हे जोह्याच्या पोरींना तुम्हीच शिकवलंत. मी बघत उभी राहायचे आणि तुमच्या पांढऱ्या शर्टाची काळजी करायचे.

आणि ती आपली वही. तुम्ही तुमच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून उघडून फारसी लिहायचात. मी माझ्या बाजूने, डावीकडून, मराठी. तुम्ही आधी फारसी म्हणून दाखवायचात, मग तुमच्या त्या हिंदी-मराठीच्या खिचडीत अर्थ सांगायचात, मग मी लिहायचे, मग तुम्ही म्हणायचात "नाय, एवढं गोड नको," आणि मी खोडायचे. दर दुसऱ्या शनिवारी मी रोह्याहून पॅसेंजरने यायचे, कासू स्टेशन गेलं की वही बाहेर काढून मागची कविता वाचायला घ्यायचे. एकाच वहीत दोघं दोन टोकांनी आत येत होतो. तुमचं लिखाण उजवीकडून सुरू होतं हे मला बारा वर्षं डोळ्यांनी दिसत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मला कुणी अजाण म्हणून सोडून देऊ नये.

आता वाचनालयातल्या त्या प्रदर्शनाबद्दल. पाच वर्षं झाली. तुम्ही तीस फूट मांजरपाटाच्या कापडावर चित्र काढलंत, सलग, मधे कुठे जोड नाही. एका टोकाला उघडा डोंगर. मग जमिनीत खणलेल्या विहिरींची तोंडं, एकामागून एक. मग कुदळी घेतलेली माणसं, जमिनीच्या पोटात वाकलेली. मग एक बारीक निळी रेघ, ती रुंद होत होत हौद, आणि दुसऱ्या टोकाला डाळिंबाची बाग. तुमच्या मुलखात डोंगराचं पाणी असं जमिनीखालून गावात आणतात, मैलोन्‌मैल. त्याला तुम्ही आपल्याकडचाच शब्द वापरायचात, पाट. "जमिनीखालचा पाट."

वाचनालयाचा हॉल लांबट आहे. चित्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला रस्त्याकडचं दार, उजव्या हाताला मागच्या अंगणाचं. अंगणात नळ, बादल्या, शेवाळ. तुम्ही आदल्या दिवशी पेणहून आलात, सगळं डोळ्यांखालून घातलंत आणि म्हणालात, "ते मागचं दार उघडं ठेव. लोकांना तिकडून येऊ दे."

मला वाटलं, वाऱ्यासाठी म्हणताय. मी म्हटलं, तिथे निसरडं आहे.

थोड्या वेळाने तुम्ही परत म्हणालात, "तिकडून आले तर बरं दिसंल."

आणि मी हसून म्हटलं, "शेठ, पाहुणे मागच्या दाराने येतात का कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराला कुलूप लावलं आणि त्याला टेकून अभिप्रायाच्या वहीचं टेबल ठेवलं.

लोक रस्त्याकडच्या दाराने आले आणि डावीकडून बघत गेले, जसं आपण वाचतो तसं. आधी बाग. मग हौद. मग पाणी बारीक होत गेलं, माणसं जमिनीत खाली खाली गेली, आणि शेवटी उघडा डोंगर. कुंडलिका नदीच्या काळजीत तेव्हा सगळं गाव होतं, पाण्याचा रंग रोज बदलत होता. लोक त्या डोंगरापाशी येऊन गप्प उभे राहिले. एक बाई रडल्या. आमचे कार्यवाह सावंतसर भाषणात म्हणाले, परमुलखातून आलेल्या माणसाने आपल्या नदीचं मरण रंगवलंय. टाळ्या थांबेनात. इथल्या साप्ताहिकात तेच छापून आलं, पुढे नदी वाचवण्याच्या निवेदनावर पहिल्या पानावर तुमच्या चित्राचा फोटो लागला. तुम्ही हात जोडून उभे होता. मला वाटलं, भारावलेत.

त्या दिवशी फक्त एकीने ते चित्र सुलट बघितलं. हिराने. ती नदीकाठच्या वाडीतली, वाचनालयात झाडलोट करते आणि पाणी भरते. सकाळी मी कुलूप लावायच्या आधी ती बादली घेऊन मागच्या दाराने आली होती, आणि तिकडून चालत चालत बघत माझ्यापर्यंत पोचली.

"लय खणलं गो त्यांनी, बाय," ती म्हणाली. "पन शेवटाला पानी लागलं. बरं झालं."

मी तिला समजावलं. मी! "अगं हिरा, उलटं आहे ते. पाणी आटत जातं."

"व्हय का," म्हणून तिने बादली उचलली. तुम्ही खिडकीपाशी होता. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे नाही.

वर आणखी मी तुमच्याशी भांडले. आठवतं? पुढच्या शनिवारी दुकानात. म्हटलं, शेठ, इतकं उदास कशाला काढायचं, शेवटी थोडं पाणी तरी ठेवायचं होतंत. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "शेवटी पानीच हाय, गो." मी म्हटलं, कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "चहा थंड होतोय." तो वाद आपण तीन वर्षं घातला. मी तुम्हाला निराशावादी म्हटलं, रडका म्हटलं, एकदा तर म्हटलं की सुखाचं चित्र काढायची तुमची हिंमतच नाही. तुम्ही ऐकून घेतलंत.

मला कळलं दोन वर्षांपूर्वी. वहीतली ती लांब कविता आपण मराठीत आणत होतो, पाटाची. तुम्ही ओळ ओळ सांगत होता आणि मी लिहीत होते. डोंगरापाशी उभा असलेला माणूस. त्याला बागेचा वास येतो, पण बाग अजून लावलेलीच नाही. त्याचा बाप खणतो, तो खणतो, त्याचा मुलगा खणतो. मग ती शेवटची ओळ: "आणि एके सकाळी बायको म्हणाली, अंगण कुणी ओलं केलं?" माझा हात थांबला. समोरच्या भिंतीकडे बघत तुम्ही नेहमीसारखे बसला होता. मला त्या क्षणी सगळं उजवीकडून दिसलं. कापड, दार, कुलूप, टेबल, हिरा.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य तर होतं. शेठ, माझं चुकलं, मी लोकांना उलट्या दाराने आणलं. ते मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "ओळ छान आहे." आणि पाच पंचवीसची पॅसेंजर पकडली.

त्यानंतर दोन वर्षं मी दर दुसऱ्या शनिवारी तेच वाक्य घेऊन पेणला आले आणि तसंच परत नेलं. कधी दुकानात गर्दी असायची, कधी तुमचा खोकला. शेवटच्या शनिवारी, दुकानाच्या वरच्या खोलीत, तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि आपण दोघंच होतो. मी ठरवूनच आले होते. तुम्ही म्हणालात, "चष्मा पूस गो जरा." मी पदराने पुसला, तुमच्या नाकावर ठेवला. मग आपण नव्या बेकरीतली खारी किती वातड असते यावर अर्धा तास बोललो. निघताना तुम्ही दाराकडे हात केलात, तुमची ती जुनी सवय, आधी तू. मी गेले. मंगळवारी शिरीनचा फोन आला.

तिने कापड वाचनालयाला दिलं. तुमची तशी इच्छा होती म्हणे. सावंतसरांनी लगेच ठराव केला, पाटी रंगवून आणली: "मरणपंथाला लागलेली नदी." पाटी बघितली आणि मला कळलं की आता गप्प बसले तर हे कायमचं.

म्हणून आज दुपारी मी सरांना सांगितलं. सर चांगले आहेत, ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "निर्मलाताई, हे चित्र आता गावाचं झालंय. निवेदन घेऊन आम्ही अलिबागला गेलो तेव्हा कलेक्टर साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं ते या चित्राकडे. आता सांगायचं, ही आपली नदी नाय, इराणातला पाट आहे?"

मी म्हटलं, हो.

"शेठनी कधी तक्रार केली का?"

"नाही."

"मग? आणि तुमच्याकडे पुरावा काय? एक कविता. ती पण तुम्हीच मराठीत केलेली."

घरी येऊन वही उघडली, तुमच्या बाजूने. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत. बारा वर्षांत मी एक अक्षर शिकले नाही, तुम्ही आहातच म्हणून. तुम्ही जे सांगितलंत ते मी नीट ऐकलं का? की एकदा उलटं वाचलं आणि आता दुसऱ्यांदा उलटं वाचतेय? तुम्हाला कदाचित ती नदीच आवडली असेल. गावाने तुम्हाला आपलं म्हटलं ते त्या उलट्या चित्रामुळेच ना? मग मी कोण ते काढून घेणारी? शेठ, तुम्ही काहीतरी बोलून जायला हवं होतंत.

आज शनिवार. सकाळी हॉल झाडताना हिराला सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी तुझं बरोबर होतं, हिरा. शेवटी पाणीच लागतं.

ती झाडू न थांबवता म्हणाली, "मना ठाव हाय."

"कसं?"

"शेठनी सांगितलं. त्याच दिशी. नळावर हात धुवाया आलेले. बोलले, हिराबाय, सगल्यांत तू एकलीनीच बरोबर बघितलंस. मी बोललं, आमी उन्हाल्यात नदीत खड्डा खनतो ना, पयला कोरडाच लागतो. तर लय हसले."

"मग मला का नाही सांगितलंस गो?"

आता तिने झाडू टेकवला. "ते नको बोलले. बोलले, बाय घाबरट हाय, तिला लय लागंल. कापडाचे खिले पन तिनंच ठोकलेत. तिला कलंल तवा कलंल."

मी तिथेच खुर्चीवर बसले. आधी रडू आलं नाही, आधी राग आला. भयंकर राग आला, शेठ. तुमच्या मुलखाची ती अदब मला ठाऊक होती. दारात कोण आधी जाणार यावर तुम्ही पाच पाच मिनिटं हुज्जत घालायचात, पहिला कप कधी स्वतः घेतला नाहीत, ज्याच्या घरी गेलात त्याला त्याची चूक कधी दाखवली नाहीत. पण ही कसली अदब? आयुष्यातलं सर्वात मोठं चित्र लोकांनी उलटं बघितलं आणि तुम्ही हात जोडून टाळ्या घेतल्यात, कारण काय, तर मला वाईट वाटेल. माझ्या झोपेपायी तुम्ही ती बाग सुकू दिलीत. आणि मी समोर बसून तुम्हाला रडका म्हणत होते.

मला तुम्ही ओरडला असतात तरी चाललं असतं. मी दोन दिवस जेवले नसते, मग जेवले असते. माणूस एवढा जपायचा नसतो, शेठ. आणि इतकं मला दुसऱ्या कुणी जपलेलंही नाही, तेही मला ठाऊक आहे. दोन्ही एकदम वाटतंय, आणि उद्या सकाळी दहाला उभं राहून बोलायचंय.

रविवार, दुपार.

सकाळी सातला गेले, कापड भिंतीवर लावलं. मागच्या दाराचं कुलूप गंजलं होतं, हिराने आणि मी खोबरेल तेल सोडून उघडलं. अंगणातलं शेवाळ तिने घासून काढलं, मी वर दोन पोती टाकली. टेबल उचलून रस्त्याकडच्या दाराला लावलं. सावंतसर पावणेदहाला आले. मी त्यांना हिराचं ऐकवलं. त्यांनी स्वतः पाटी भिंतीवरून उतरवली आणि तोंड आत करून कोपऱ्यात ठेवली. "पाच मिनिटं बोला," म्हणाले. "जास्त नको."

पन्नासेक माणसं आली. सगळी रस्त्याकडच्या दाराशी जमली, दार बंद बघून कुजबुजायला लागली. मी पायरीवर उभी राहिले आणि सांगितलं. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की "माझ्यामुळे" हा शब्द दोनदा आला. कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारे मास्तर म्हणाले, "म्हणजे पाच वर्षं आम्ही उलटं बघतोय?" मी म्हटलं, हो. "मग चला की," ते म्हणाले, आणि धोतर सावरत अंगणाकडे वळले.

सगळे मागून आले, नळाशेजारून, एकेक करत, पोत्यांवर पाय पुसत. मी डोंगरापाशी उभी होते. कुणी घाई केली नाही. विहिरींच्या तोंडांपाशी लोक मोजायला लागले, कुदळीवाल्या माणसांपाशी वाकून बघायला लागले, ती माणसं गेल्या वेळी कुणी धड पाहिलीच नव्हती. निळी रेघ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, लागलं. आणि पुढची माणसं हौदाशी पोचली तेव्हा हॉलमधला आवाज बदलला. मोकळा झाला, शेठ. लोक बोलायला लागले. लहान मुलं डाळिंबं मोजत होती.

सावंतसर बागेपाशी सर्वांत शेवटी पोचले. म्हणाले, "हे त्यांनी आपल्याला तेव्हाच दाखवलं होतं. आपण बघितलं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "समोर होते ते. एकदा विचारायला काय हरकत होती?"

ते "आपण" म्हणत होते, माझ्यासाठी. पण दाराला कुलूप मी लावलं होतं, आणि कळल्यावर दोन वर्षं गप्पही मीच होते. तुमचं चित्र आज लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, बहरामशेठ. तुम्हाला ते बघता आलं असतं. माझ्यामुळे बघता आलं नाही.